वजन पावती, प्रिंटर आणि ड्रायव्हर : निरनिराळ्या संगणकांच्या जाळ्यात छपाई कशी जुळवावी?



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खताच्या मात्रा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा पाठ थोडा निराळा आहे. तो छपाईच्या यंत्राविषयी, म्हणजे प्रिंटरविषयी आहे. "ऊस विकास अधिकाऱ्याला हे कुठलं नवं खूळ?" असे काहींना वाटेल. पण उसाची नोंद, तोड चिठ्ठी, वजन पावती, पंधरवड्याचा हिशेब, बँकेकडे जाणारी यादी ही सगळी कागदे आज संगणकातून निघतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि त्या १४ दिवसांचा हिशेब ज्या कागदावरून सुरू होतो तो कागद म्हणजे तुमच्या खिशातली वजन पावती होय. म्हणून ती पावती नीट छापली जाते की नाही, हा प्रश्न शेतकी खात्याइतकाच तुमचाही आहे.

शिवाय आता गावोगाव सेवा केंद्रे झाली आहेत. आपलीच मुले-मुली सात-बारा, आठ-अ, पीक विम्याच्या पावत्या छापून देतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण गट कार्यालयात आले की पहिला प्रश्न हाच करतात : "साहेब, नवा संगणक घेतला, जुना प्रिंटर चालेना. ड्रायव्हर सापडत नाही." एकदा शेजारी बसलेले एक आजोबा हे ऐकून म्हणाले, "सापडत नाही कसा? आत्ताच तर चहाच्या टपरीवर बघितला." सगळे हसले. पण त्या हसण्यात एक गोष्ट लक्षात आली की, ड्रायव्हर म्हणजे काय हे आपण कधी कोणाला सांगितलेच नाही. तर आज ते सांगतो.

झालेली चूक

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. चूक सांगितल्याशिवाय पाठ पटत नाही.

वडीगोद्रीच्या गट कार्यालयात चार तऱ्हेची यंत्रे एकत्र नांदतात. एक विंडोज ७ चा जुना संगणक, त्याला टकटक वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला. एक विंडोज ११ चा नवा संगणक. एक लिनक्सवर चालणारा, नोंदीच्या कामाचा. आणि माझ्या खिशातला अँड्रॉइड फोन. गेल्या गळीत हंगामात आठवड्याच्या वजन पावत्यांच्या नकला नव्या संगणकावरून काढायचे ठरले. नवा संगणक जुन्याला जोडलेला प्रिंटर पाहू शकत होता, पण वापरू शकत नव्हता. ड्रायव्हर मागत होता.

रात्रीचे नऊ वाजले होते. सकाळी सभासद नकला न्यायला येणार होते. मी घाईघाईने इंटरनेटवर शोधले आणि जे पहिले पान उघडले तिथून 'सर्व ड्रायव्हर एका ठिकाणी' असे म्हणणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. त्याने नको ते चार प्रोग्राम घुसवले आणि ड्रायव्हर काही दिला नाही. मग आपल्या प्रिंटरच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेला दुसराच ड्रायव्हर टाकला. छपाई सुरू झाली! आपल्या पावतीचा कागद ६ इंच उंचीचा. त्या ड्रायव्हरच्या यादीत ६ इंचाचे माप नव्हते, म्हणून जवळचे म्हणून आडवे ए-५ निवडले. पहिली पावती पाहिली, बरोबर आली. गठ्ठा छापायला लावून घरी गेलो.

सकाळी एक जुने सभासद पावती घेऊन परत आले. पावती टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, भरलेली गाडी सहा टनाची आन् रिकामी पंधरा टनाची? मग काय, म्या कारखान्याचाच ऊस घरी नेला का काय?"

मी पाहिले. 'भरलेले वजन' या चौकटीत ६.२१५ टन, 'रिकामे वजन' या चौकटीत १५.२६५ टन आणि 'निव्वळ वजन' ही चौकट कोरी. खातेवही उघडून दाखवली. तिथे सगळे बरोबर होते : भरलेले २१.४८० टन, रिकामे ६.२१५ टन, निव्वळ १५.२६५ टन. काटा बरोबर, खाते बरोबर, आकडेही बरोबर. फक्त ते एक एक चौकट वर सरकले होते.

कारण साधे होते. आडव्या ए-५ कागदाची उंची १४८ मिलिमीटर, आणि आपल्या ६ इंचाच्या पावतीची १५२.४ मिलिमीटर. फरक ४.४ मिलिमीटर, म्हणजे टाइपाची जवळजवळ एक ओळ. पहिली पावती जागेवर आली, दुसरी एक ओळ वर चढली, तिसरी दोन ओळी वर चढली. आपल्या पावतीवर चौकटी दोन दोन ओळींच्या आहेत. म्हणून तिसऱ्या पावतीवर प्रत्येक आकडा वरच्या चौकटीत जाऊन बसला. त्या सभासदांची पावती तिसरी होती.

मी चूक कबूल केली आणि त्यांना हाताने लिहून, सही-शिक्क्याची पावती दिली. जाताना ते जे बोलले ते मात्र मनातून जात नाही. "खातं तुमच्याकडं, कागद माझ्याकडं. माझा कागदच चुकला तर म्या कशाच्या जोरावर बोलू?" त्यांनी पावती वाचली म्हणून चूक सापडली. त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या पावत्या आम्ही त्याच दिवशी घरोघर जाऊन परत घेतल्या व नव्या दिल्या. काही जणांनी त्या न वाचताच कपाटात ठेवून दिल्या होत्या.

ड्रायव्हर म्हणजे काय?

तोडणीची टोळी परमुलखातून आली आणि तिची बोली आपल्याला कळत नसली, तर मध्ये मुकादम लागतो. तुम्ही त्याला सांगता, "आज बांधाकडची दोन एकर तोडा." तो ते टोळीच्या बोलीत सांगतो. संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला असा मुकादम म्हणजे ड्रायव्हर. तो एक छोटा प्रोग्राम असतो. संगणक म्हणतो, "हे पान छाप." ड्रायव्हर ते त्या प्रिंटरच्या भाषेत करून देतो : इथे काळा ठिपका दे, इथे ओळ सोड, इथे कागद पुढे ढकल.

मुकादमाला दोन्हीकडच्या भाषा याव्या लागतात. ड्रायव्हरचेही तसेच आहे. तो प्रिंटरला जुळला पाहिजे आणि संगणकाच्या कार्यप्रणालीलाही, म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा मॅक यालाही, जुळला पाहिजे. म्हणून एकच प्रिंटर चार तऱ्हेच्या संगणकांनी वापरायचा असेल तर चार मुकादम लागू शकतात. सगळा घोळ इथे होतो. १६ एम.एम.च्या लॅटरलला १२ एम.एम.चा जॉइनर दिसायला सारखाच, पण पाणी सोडले की निसटतो. तसा जवळचा ड्रायव्हर कधी कधी चालल्यासारखा दिसतो आणि तिसऱ्या पावतीला निसटतो.

प्रिंटरच्या भाषा

प्रिंटर मुख्यतः चार प्रकारच्या भाषा बोलतात. हे एकदा समजले की निम्मे काम होते.

१) ईएससी/पी : ही एप्सन कंपनीची भाषा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत ती जवळजवळ सर्वमान्य झाली. दुसऱ्या कंपन्यांचे डॉट मॅट्रिक्सही बहुधा 'एप्सनसारखे वाग' असे लावता येतात. हे प्रिंटरच्या पुस्तिकेत 'इम्युलेशन' या शब्दाखाली दिलेले असते.

२) पीसीएल : एचपी कंपनीने १९८४ पासून वापरात आणलेली भाषा. ऑफिसातल्या पुष्कळ लेझर प्रिंटरांना ती समजते, दुसऱ्या कंपन्यांच्यासुद्धा.

३) पोस्टस्क्रिप्ट : अ‍ॅडोबी कंपनीची, तीही १९८४ ची. छापखाने आणि मोठ्या ऑफिसांत तिचा उपयोग जास्त.

४) स्वतःची खासगी भाषा : स्वस्त प्रिंटरांत डोके कमी असते. पान तयार करण्याचे सगळे काम संगणकाकडून करून घेतात आणि फक्त ठिपके उमटवतात. अशांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो, दुसरा चालत नाही. आपल्याकडे सेवा केंद्रांत जागोजाग दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा 'कॅप्ट' नावाची स्वतःची भाषा बोलतो. एचपीचा लेझरजेट १०२० तर चालू केला की दर वेळी आपल्या पोटातला प्रोग्राम संगणकाकडून घेतो आणि मगच काम करतो. ही यंत्रे टिकाऊ आहेत, वाईट नाहीत. पण मिश्र जाळ्यात त्यांना जोडण्याआधी ड्रायव्हर मिळतो का हे पाहणे जरूर आहे.

मग काट्यावर अजून टकटक वाजणारा डॉट मॅट्रिक्सच का, असे पुष्कळजण विचारतात. तो सुईने ठोका मारतो, म्हणून कार्बनच्या दोन-तीन प्रती एकाच वेळी निघतात. लेझर आणि शाईचे प्रिंटर कागदावर ठोका मारत नाहीत, त्यामुळे कार्बन उठत नाही. तुमच्याकडची प्रत आणि कारखान्याकडची प्रत एकाच ठोक्यात छापली गेली, हीच तिची किंमत.

जोडी का मोडते?

'कालपर्यंत चालत होता, आज का नाही?' या प्रश्नाची बहुतेक उत्तरे पुढील पाचांत सापडतात.

पहिले : ३२ आणि ६४ बिट. जुने विंडोज दोन्ही प्रकारचे असे. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. आमचा विंडोज ७ चा संगणक ३२ बिटचा, म्हणून त्याच्याकडचा ड्रायव्हर नव्याला उपयोगी पडेना.

दुसरे : जुनी वाट बंद होणे. विंडोज संगणक एकमेकांशी ज्या वाटेने फाइली आणि प्रिंटर वाटून घेतात तिची सर्वांत जुनी आवृत्ती सुरक्षित नव्हती. २०१७ पासून नव्या विंडोज १० मध्ये ती आपोआप बसवणे बंद झाले. त्यामुळे फार जुन्या एक्सपीच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर नव्याला दिसतच नाही.

तिसरे : सुरक्षा. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई यंत्रणेत मोठे भगदाड सापडले. त्याला जगभर 'प्रिंटनाइटमेअर' असे नाव पडले. त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या सुधारणेपासून जाळ्यावरून ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचा पासवर्ड लागू लागला. कोणी म्हणते, "आधी तर नुसतं क्लिक केलं की चालायचं." खरे आहे, पण वाडीचे फाटक उघडे होते म्हणून चालायचे.

चौथे : वय. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुन्या प्रिंटरसाठी नवे ड्रायव्हर काढणे कंपन्याही सोडून देतात.

पाचवे : पत्ता बदलणे. हा आपल्या भागातला खास त्रास. वायफायचा किंवा तारेचा प्रिंटर जाळ्यावर एका आकडी पत्त्याने ओळखला जातो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. मग पडद्यावर 'ऑफलाइन' दिसते. गाडीचा नंबर रोज बदलला तर काट्यावर नोंद कशी व्हायची? म्हणून प्रिंटरला पत्ता कायमचा ठरवून द्यावा. पुष्कळ वेळा लोक ड्रायव्हर शोधत बसतात आणि दोष पत्त्याचा असतो.

ड्रायव्हर शोधण्याची रीत

आता मुख्य पाठ. ही रीत क्रमाने करावी. घाई करू नये.

१) प्रिंटरच्या पाठीमागची पट्टी वाचा. नाव पूर्ण लिहून घ्या, शेवटचे अक्षरसुद्धा. को ८६०३२ आणि कोएम ०२६५ दोन्ही ऊसच, पण बेणे मागताना आपण नंबर चुकू देत नाही. इथेही तसेच. मागचे एखादे अक्षर बदलले की यंत्र निराळे असू शकते.

२) पुस्तिकेत प्रिंटरची भाषा पहा : ईएससी/पी, पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट की स्वतःची.

३) जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाची कार्यप्रणाली, तिची आवृत्ती, आणि ३२ की ६४ बिट हे एका कागदावर लिहा. हा कागद भिंतीला लावा.

४) ड्रायव्हर प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच जागेवरून घ्या. दुसऱ्या कोणाच्या 'फुकट ड्रायव्हर' पानावरून घेऊ नका. मी घेतला होता, फळ वर सांगितले आहे. अनोळखी माणसाकडून बेणे घेऊन काणी घरात आणण्यासारखे ते आहे.

५) लिनक्ससाठी 'ओपनप्रिंटिंग' या नावाने एक मोठी यादी चालवली जाते. कोणता प्रिंटर कितपत चालतो हे तिथे दिलेले असते. लिनक्सची छपाई 'कप्स' नावाच्या यंत्रणेवर चालते. तिच्यात ९ सुयांच्या आणि २४ सुयांच्या एप्सन पद्धतीच्या प्रिंटरांचे ड्रायव्हर आधीपासूनच असतात. आमच्या लिनक्सच्या संगणकावर डॉट मॅट्रिक्स दहा मिनिटांत चालला तो यामुळे.

६) नेमका ड्रायव्हर नसेल तर भाषा धरून जा. प्रिंटरला पीसीएल येत असेल तर कंपनीचा 'युनिव्हर्सल' ड्रायव्हर चालतो का पहा. डॉट मॅट्रिक्स असेल तर त्याला एप्सन पद्धतीवर लावून तसा ड्रायव्हर द्या.

७) विंडोजमध्ये 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' असा एक साधा ड्रायव्हर असतो. तो इंग्रजी अक्षरे व आकडे झपाट्याने छापतो, पण मराठी छापत नाही. प्रिंटरच्या पोटात बहुधा इंग्रजी अक्षरेच भरलेली असतात. मराठी अक्षर चित्र म्हणून ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवावे लागते, म्हणून मराठी पावतीला वेळही जास्त लागतो.

८) कागदाचे माप जवळपासचे घेऊ नका. विंडोजच्या 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉर्म्स' या ठिकाणी आपल्या पावतीचे माप इंचात घालून नवे नाव देता येते. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही कागदाची लांबी तीच लावा.

९) एक पावती छापून समाधान मानू नका. सलग पाच छापा आणि पाचवी पहिलीवर ठेवून उजेडात धरा.

कोणता दोष कुठला?

पडद्यावर मराठी बरोबर आणि कागदावर चुकीचे : दोष ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा.

पडद्यावरच मराठी ऐवजी विचित्र चिन्हे : दोष ड्रायव्हरचा नाही, फाँटचा. जुन्या काळी मराठीसाठी निरनिराळे फाँट होते आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. एका संगणकावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की वाचता येत नसे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आले, आणि पुढे युनिकोड रुळले. जुन्या फाइली युनिकोडमध्ये करून घ्याव्यात, किंवा मूळ संगणकावरच त्यांची पीडीएफ करावी.

पानामागून पाने निघतात आणि वर '%!' अशा खुणेने सुरू होणारा मजकूर दिसतो : पोस्टस्क्रिप्ट न समजणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट पाठवली आहे. छपाई लगेच थांबवा, ड्रायव्हर बदला.

काहीच निघत नाही : आधी वीज, कागद, केबल आणि पत्ता पहा. ड्रायव्हर शेवटी.

ड्रायव्हर न लागणारी वाट

जगाची दिशा आता अशी आहे की, प्रत्येक प्रिंटरने एक समान भाषा बोलावी आणि खास ड्रायव्हरची गरजच पडू नये. त्यासाठीचा 'आयपीपी' हा छपाईचा करार १९९९ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले, आणि २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग व झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संघटना काढली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले की, कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्गे वाटण्याचे काम ती टप्प्याटप्प्याने आटोपते घेणार. म्हणून नवा लेझर किंवा शाईचा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' यांपैकी एखादे नाव आहे का, हे दुकानदाराला अवश्य विचारा. असा प्रिंटर विंडोज, लिनक्स, मॅक आणि फोन सगळ्यांना चालतो.

जुन्या प्रिंटरसाठीही एक चांगला उपाय आहे. एका लहानशा लिनक्स संगणकाला तो प्रिंटर जोडावा आणि कप्समधून सगळ्यांना वाटून द्यावा. बाकीच्या संगणकांना आणि फोनला तो नव्या पद्धतीच्या प्रिंटरसारखा दिसतो. ज्याच्याजवळ ड्रायव्हर आहे असा एकच मुकादम, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे सांगायचे. गट कार्यालयात आता आम्ही हेच केले आहे. तेही जमत नसेल तर पानाची पीडीएफ करावी आणि ज्या संगणकावर ड्रायव्हर आहे तिथून छापावी.

सहकाराचा धडा

या विषयात सहकाराची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करीत होता. तिथल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडके आणि कोणाला कळत नसे. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सुधारणा त्याला करायची होती, पण प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याला कोणी देईना. एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो होता. 'न देण्याचे वचन दिले आहे' म्हणून त्याने नकार दिला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमनने सर्वांनी वाटून वापरायच्या प्रोग्रामांची चळवळ जाहीर केली. मायकेल स्वीट यांनी १९९९ मध्ये आणलेली कप्स, आणि ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये सुरू केलेला, विंडोज व लिनक्स यांना बोलते करणारा 'सांबा' हा प्रोग्राम, दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत. बेणे एकमेकांना देण्याची आपली रीत यापेक्षा निराळी नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरणही आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगर परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे देऊन ऊस उत्पादकाला वजन, तोडणी व हिशेब यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास तिथल्या ७ गावांत मोबाइलवर एसएमएसने हीच माहिती देण्याचा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने केला. यंत्र बदलले, गरज तीच राहिली : माझ्या उसाचे वजन मला माझ्या हातात दिसले पाहिजे. मात्र एसएमएस फोनबरोबर जातो, कागद टिकतो. दोन्ही जपावेत.

सभासदांना विनंती

वडीगोद्री गटापुरते आम्ही चार नियम केले आहेत. गळीत हंगामाआधी गव्हाण, मिल, बॉयलर यांची दुरुस्ती होते, त्याच दिवसांत प्रिंटरची चाचणी होईल. प्रत्येक प्रिंटरचे नाव, ड्रायव्हर कुठून घेतला, कागदाचे माप हे एका वहीत लिहिले जाईल आणि ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवली जाईल. गठ्ठा छापताना दर पाचवी पावती तपासली जाईल. आणि यंत्र बंद पडले तर हाताने लिहायचे, अनुक्रमांक असलेले पावती पुस्तक तयार राहील. 'प्रिंटर बंद आहे, उद्या या' हे उत्तर कोणाला मिळणार नाही.

सभासदांनी आपल्याकडून एवढे करावे. पावती हातात आली की जागेवरच वाचावी. भरलेल्या वजनातून रिकामे वजा करून निव्वळ वजन जुळते का, हे बोटावर मोजून पहावे. चौकट कोरी असेल, आकडा सरकला असेल, अक्षर पुसट असेल तर पावती न लाजता परत द्यावी आणि बदलून घ्यावी. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला दाखवावी. एसएमएस आला तर तो पावतीशी ताडून पहावा. आणि ज्यांच्या घरात सेवा केंद्र चालते त्यांनी ड्रायव्हरची अडचण आली तर गट कार्यालयात खुशाल यावे, वही पहावी. आपल्याजवळ एखादा जुना प्रिंटर चालवण्याची युक्ती असेल तर तीही त्याच वहीत लिहून जावे.

त्या जुन्या सभासदांची सरकलेली पावती मी फाडली नाही. ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, छपाईचा गठ्ठा सुरू करण्याआधी ती नजरेस पडते.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
वडीगोद्री गट